चित्रं, अक्षरलेखन, पॅकेजिंग, मातीकाम असं सगळं करणाऱ्या कलाकाराचं काम नक्की कसं चालतं? की एकच धरावं?

शिरपूरचे, म्हणजे आमच्या खानदेशातलेच आहात म्हणून लिहायला बसले. चार प्रकारची कामं करणाऱ्याचा दिवस कसा जातो, कल्पना सुचतात कशा, आणि घरचे म्हणतात तसं एकच काहीतरी धरावं का, असं तुम्ही विचारलंय. शेवटचं आधी सांगते. धरू नका.

"एक ना धड, भाराभर चिंध्या" हे मी वीस वर्षं ऐकतेय आणि पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या आप्पांकडून. आप्पा चाळीसगावात पेंटर. दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, भिंतीवरच्या जाहिराती. निळीत भिजवलेला दोरा मी एका टोकाला धरायचे, ते दुसऱ्या टोकाला, मग मधून उचलून सोडायचे की पत्र्यावर रेघ. अशा दोन रेघा मारल्या की खडूने काही न आखता थेट ब्रश. 'श्री'ची वेलांटी ते एका दमात घालायचे आणि तेवढा वेळ मीही श्वास रोखायचे. तालुक्यात तसा हात नव्हता. मग फ्लेक्स आला. कॉम्प्युटरवर कोरलड्रॉ चालवता येणारा कोणीही पोरगा तासाभरात बोर्ड काढून द्यायला लागला आणि दोन-तीन दिवाळ्यांत आप्पांचं काम गेलं.

त्यांना दुसरं काही येत नव्हतं असं नाही. गल्लीतल्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी तेच करायचे, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला लोक त्यांनाच बोलवायचे. पण ते "आपलं काम नाही" म्हणून त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. आणि मी अक्षरं सोडून लिनोचे, म्हणजे मऊ लिनोलियमच्या पत्र्यावर कोरून छापायचे ठसे कोरायला लागले तेव्हा हाच माणूस मला म्हणाला, "व माय, कोनतं बी एक काम धर ना. इतलं सगळं एकजनले जमस का?"

जमतं. आमच्याच गावात जमलेलं आहे. स्टेशनजवळच्या आपल्या घरात छायाचित्रकार केकी मूस जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून राहिले, 1989 साली गेले. प्रेयसी येईल म्हणून त्यांनी पंजाब मेलची वाट बघण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, काम फार थोड्यांनी नीट पाहिलेलं असतं. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून, त्यावर उजेड पाडून ते अख्खा देखावा उभा करायचे आणि त्याचा फोटो काढायचे. आता ही मांडणी शिल्पकाराची, उजेड चित्रकाराचा, शेवटी बटण दाबलं फोटोग्राफरने. यातलं कुठलं एक त्यांनी सोडायला हवं होतं?

दुसरं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यांतलं. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी नंदलाल बोस यांना बोलावलं. ऐन उमेदीत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केलेला चित्रकार, त्याने इथे बांबू आणि आसपास मिळेल ते सामान घेऊन नगर सजवलं. 1938 ला हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे पोस्टर केले, पुढे संविधानाच्या मूळ प्रतीची पानं त्यांच्याच देखरेखीखाली सजली. भिंत, बांबू, पोस्टर, पोथीसारखं पान. हे मी आप्पांना किती वेळा सांगितलं असेल.

कल्पना कशा सुचतात त्याचं माझ्याकडे एकच खरं उदाहरण आहे. एका ताईंचा बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या खानदेशी पापडांचा गृहउद्योग आहे, त्यांना पाकीट हवं होतं. तीन आठवडे मी कॉम्प्युटरवर ज्वारीची कणसं काढत बसले. सगळी खोटी वाटत होती. शेवटी पहाटे त्यांच्या गच्चीवर गेले. खाटांवर ओली धोतरं अंथरलेली, पाच-सहा बाया पाण्याचा हात लावून शिजवलेलं पीठ थापत होत्या. उन्हं चढल्यावर धोतर उलटं केलं, मागून पाणी शिंपडलं आणि एकेक बिबडी सोडवायला घेतली. मी एक उजेडाकडे धरली. पाठीवर धोतराची वीण जशीच्या तशी उमटलेली, उभा धागा, आडवा धागा, एके ठिकाणी रफू केलेलं तेसुद्धा. तीळ मध्येच अडकलेले.

घरी येऊन जुन्या धोतराच्या तुकड्याला शाई लावली आणि कागदावर दाबली. पाकिटाची पार्श्वभूमी तीच झाली. ठशांचं काम हाताला नसतं तर बिबडीची पाठ मला दिसलीच नसती, मी पुढूनच बघत राहिले असते.

नाव मात्र फॉन्टमध्ये बसेना. आप्पांना सांगितलं, ब्रशने घाला. ते नको नको म्हणाले, मग चष्मा लावून बसले आणि दुसऱ्याच झटक्यात हवं ते अक्षर आलं. पैसे मी त्यांच्या हातात ठेवले. मोजून घेतले त्यांनी.

पुण्यात मी दोन वर्षं एका ऑफिसात होते. माझं काम एका हाताचं वाटत नाही, असं तिथले साहेब म्हणायचे. बिबडीच्या पाकिटाला आणि मंदिराच्या भिंतीला एकच हात कशाला हवा? ज्याला सगळीकडे स्वतःचीच सही दिसायला हवी असते त्याने डिझाइन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माझ्या नवऱ्याला पगाराची नोकरी आहे, म्हणून तीन आठवडे चुकीची कणसं काढणं मला परवडलं. तुमच्या घरी तसं नसेल तर महिन्याचा खर्च निघेल असं एक काम आधी हाताशी ठेवा, आणि असं सांगणाऱ्या घरच्यांना मी चूक म्हणणार नाही. दुसरं, अक्षरं मी सहा वर्षं रोज घोटली, बाकीचं त्यानंतर. चारही एकदम सुरू केलं असतं तर आप्पांचं म्हणणं खरं ठरलं असतं. आणि एका दिवसात मी चार कामं करत नाही. पाकिटाचं काम चालू असेल तर ते छपाईला जाईपर्यंत भिंतीचा रंग कालवत नाही.

मातीकामाचंही विचारलंत. त्यातलं मला शाडूपलीकडे काही येत नाही, भट्टीचं तर अजिबातच नाही. ते गावातल्या कुंभाराकडे बसूनच शिका.