घर मुलीच्या नावे करावे का?

प्रश्न : मी ७१ वर्षांची आहे. यजमान चार वर्षांपूर्वी मृत्युपत्र न करता गेले. नेरुळचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावे होता, सोसायटीत नॉमिनी मी आहे. माझा ३४ वर्षांचा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे. रात्रीची फिटची गोळी तो केळ्याच्या फोडीतूनच घेतो, तीही माझ्याच हातून. डोंबिवलीची मुलगी त्याला सांभाळायला तयार आहे, म्हणून फ्लॅट तिला बक्षीसपत्राने द्यावा असे मनात आहे. एजंट म्हणतो, मुलाचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेतला की झाले. हे बरोबर आहे का?
— एक आई, नेरुळ

उत्तर : मुलाचा अंगठा कोणत्याही कागदावर घेऊ नका. व्यवहाराचा अर्थ आणि परिणाम ज्याला उमजत नाही, त्याने केलेला करार १८७२च्या करार कायद्याप्रमाणे टिकत नाही. उद्या वाद निघाला तर अडचणीत येईल ती आपली मुलगीच.

नॉमिनी झाल्याने घर आपल्या एकटीचे होत नाही. आपल्याला १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल आणि यजमानांच्या निधनाच्या वेळी त्यांच्या आई हयात नसतील, तर आपण, मुलगा आणि मुलगी यांचा त्या घरात प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा आहे. मुलाचा हिस्सा बक्षीस देण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि माझ्या मते तसा विचारही करू नये, कारण त्याच्या नावावर एवढेच आहे.

आपल्या स्वतःच्या हिश्शाचे बक्षीसपत्र हयातीत करण्यापेक्षा मृत्युपत्र करावे. त्यात हा हिस्सा आणि ठेवी थेट मुलाला न देता, त्याच्यासाठी खाजगी विश्वस्त निधी स्थापून विश्वस्तांकडे सोपवाव्यात. मुलगी पालक झाली तर विश्वस्तांमध्ये तिच्याबरोबर आणखी एखादी विश्वासू व्यक्ती असावी. मुलीवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. पैसा आणि माणूस या दोन्हींचा भार तिने एकटीने वाहू नये, एवढ्यासाठीच. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार आवश्यक आहेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी, आणि आपण ते समजून-उमजून करण्यास सक्षम असल्याचा त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

मुलगा अठरा वर्षांचा झाला तेव्हाच आपले नैसर्गिक पालकत्व संपले, हे अनेक आईवडिलांना ठाऊक नसते. बहीण असल्याने मुलगीही आपोआप पालक होणार नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकारी ज्या स्थानिक स्तर समितीत असतात, तिच्याकडे अर्ज करावा लागतो. आपल्या पसंतीची व्यक्ती आपण सुचवू शकता. नेरुळचा अर्ज ठाण्याला जाईल. (खारघर, पनवेलच्या वाचकांनी मात्र अलिबागला अर्ज करावा, नवी मुंबईत राहूनही त्यांचा जिल्हा रायगड.) नेमणुकीनंतर पालकाने सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब समितीला द्यायचा असतो. ही जबाबदारी मुलीला आधीच समजावून सांगावी.

केळ्याच्या फोडीची गोष्ट मात्र कोणत्याही दस्तात येणार नाही. एका वहीत गोळ्यांची नावे आणि वेळा, फिट येण्यापूर्वी तो कसा वागतो, कशाला घाबरतो, कोणाजवळ शांत होतो, हे सारे लिहून ठेवा. लिहिलेले पुरेसे होणार नाही, कारण त्याला गोळीबरोबर आपला हातही लागतो. म्हणून मुलीला आतापासूनच अधूनमधून मुक्कामाला बोलवा, आणि त्या रात्री फोड तिला भरवू द्या. आपण शेजारी बसा.