शेततळ्यातले हिरवे पाणी आणि पहाटेची मरतूक

प्रश्न : आमच्या प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात (30×30×3 मीटर) कटला, रोहू, मृगळ मिळून 2,000 बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली होती. श्रावणात सलग आभाळ राहिले. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढू लागले आणि बरेच मेले. शेजारच्या मातीच्या तळ्यात काही झाले नाही. आता बायोफ्लॉक (पाण्यात सतत हवा सोडून जिवाणूंच्या मदतीने दाटीने मासे वाढवण्याची पद्धत) करावे का?
– एक शेतकरी, सिन्नर

उत्तर : बायोफ्लॉक नको. त्यात हवा चोवीस तास लागते. वीज गेली आणि जनित्र नसले, तर थोड्या वेळात सगळा माल जातो.

तुमचे मासे प्राणवायूअभावी मेलेले दिसतात. हिरवे प्लवंग (पाण्याला हिरवा रंग देणारे सूक्ष्म शेवाळ) उन्हात प्राणवायू तयार करतात, रात्री मात्र तोच वापरतात. आभाळ असले की दिवसाची भर पडत नाही आणि पहाटे प्राणवायूचा साठा अगदी कमी होतो. तो लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर हवा.

मातीच्या तळाशी गाळातले जिवाणू विष्ठा, उरलेले खाद्य पचवतात, मृगळाला चाराही तिथेच मिळतो. प्लास्टिकवर हे फारसे होत नाही. म्हणून तुमच्या तळ्यात 600 ते 800 बोटुकलीच सोडा. कटला 4, रोहू 4, मृगळ 2 या प्रमाणात. शेजाऱ्यांनी किती सोडली होती, तेही विचारा. बहुधा फरक तिथेही सापडेल.

खाद्य भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, माशांच्या एकूण वजनाच्या 2 ते 3 टक्के. 200 ग्रॅमचे 600 मासे म्हणजे 120 किलो. त्यांना रोज 3 किलो पुरे. आभाळ असेल त्या दिवशी खाद्य आणि खत म्हणून टाकायचे शेण दोन्ही बंद.

20 सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडा. ती 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी ठीक. 20 च्या आतच दिसेनाशी झाली, तर खत थांबवा आणि 10 ते 15 टक्के पाणी पिकाला देऊन तेवढे ताजे भरा.

प्रश्न : पाणी हिरवे झाले की चुना टाकावा का?

उत्तर : आधी दुपारी पाण्याचा सामू (पीएच) तपासा. तो 8.5 च्या वर असेल तर टाकू नका. चुन्याने सामू चढतो आणि तो चढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. मासे तोंड काढत असतील, तर तळ्यातलेच पाणी पंपाने उचलून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडा, ऊन चढेपर्यंत.