म्युझिक हॉलचे कलाकार कमवायचे भरपूर, मग कंगाल का व्हायचे?

लंडनच्या जुन्या म्युझिक हॉलमधल्या (म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या गाणी, नाच आणि विनोदी खेळांच्या थिएटरांमधल्या) कलाकारांना आठवड्याला वीस-पंचवीस पौंड मिळत असताना त्यातले इतके जण कफल्लक होऊन का मेले, असं तुम्ही विचारलंय. ‘दारू आणि उधळपट्टी’ हे ठरलेलं उत्तर. त्यात तथ्य आहेच, पण आधी हिशेब मांडून बघा.

तो आकडा म्हणजे कायमचा पगार नव्हे. काम असेल त्या आठवड्याचा दर. समजा, एखाद्याचा दर १० पौंड. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी ३० आठवडे काम मिळालं तर ३०० पौंड. एजंटचे दहा टक्के गेले, उरले २७०. त्यातून रेल्वेभाडं, खोलीभाडं, कपडे, गाणी, बँडसाठी नोटेशनच्या प्रती, ‘द इरा’ या नाट्यव्यवसायाच्या साप्ताहिकातली जाहिरात आणि बँडमास्तरपासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांची चिरीमिरी. आपल्याकडे संगीत नाटक मंडळीतला नट कंपनीच्या बिऱ्हाडात राहायचा, कंपनीच्या पंगतीला जेवायचा. म्युझिक हॉलमध्ये तसं काही नाही. आजारी पडलात तर त्या आठवड्याचे पैसे शून्य.

जॉर्ज लेबोर्नचं उदाहरण घ्या. शॅम्पेन पिणाऱ्या छैलछबिल्याची भूमिका गाजवणारा हा माणूस. १८६८ साली लंडनच्या कँटरबरी हॉलने त्याच्याशी आठवड्याला २५ पौंडांचा करार केला आणि चार घोड्यांची गाडी दिली, कारण रंगमंचावरचा श्रीमंत रस्त्यावरही श्रीमंत दिसायला हवा. जाहिरात म्हणून उत्तम. पण तो थाट एकदा अंगवळणी पडला आणि लोकांनाही त्याची सवय झाली की दर उतरला तरी थाट उतरवता येत नाही. १८८४ साली, वयाच्या ४२व्या वर्षी तो गेला, तेव्हा गाठीला फारसं काही नव्हतं.

मोठ्या स्टारची मोठी कमाई एका हॉलमधून येत नसे. एका संध्याकाळी तीन-चार हॉल करायचे आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे घ्यायचे. एका ठिकाणी गाणं संपलं की रंग न पुसता घोडागाडीत बसायचं, वाटेतच पुढचा पोशाख चढवायचा. दाट धुकं पडलं किंवा पुलावर गर्दी झाली की सगळं गणित कोसळायचं: पुढच्या हॉलमधली ठरलेली वेळ गेली की पैसे कापले जायचे.

लंडनबाहेरचा दौरा वेगळा. आठवड्याला एक गाव, रविवारी प्रवास. क्रू जंक्शनवर दर रविवारी अर्धी इंग्लिश रंगभूमी गाड्या बदलताना दिसायची. सोमवारी दुपारी बँडबरोबर तालीम. तिथली एक रीत फार बोलकी आहे. आलेल्या प्रत्येकाने आपली नोटेशनची वही रंगमंचाच्या पुढच्या कडेला, फूटलाइटजवळ, रांगेत ठेवायची. ज्याची वही आधी, त्याची तालीम आधी. दोघांकडे एकच गाणं निघालं तर ज्याची वही पुढे, त्यालाच ते त्या आठवड्यात गाता येई. त्यामुळे लोक तालमीच्या कितीतरी आधी येऊन वही ठेवून जात. वह्या फाटक्या असल्या किंवा कॉर्नेटचं (ट्रम्पेटसारख्या वाद्याचं) पानच हरवलेलं असलं, तर वादक आपल्या अंदाजाने वाजवणार, लय पडणार आणि पहिल्याच खेळाला गाणारा तोंडघशी पडणार.

गाणं हे भांडवल. गीतकाराकडून ते विकत घ्यायचं, बहुतेकदा एका गिनीला, म्हणजे २१ शिलिंगांना (पौंडाहून जरासं जास्त). गाजलं तरी गीतकाराला पुढे बहुधा काही नाही. उलट दुसऱ्याचं गाणं उचललं तर भांडण. पुढे म्युझिक हॉलची मोठी स्टार झालेली मारी लॉइड १८८५ साली, पंधराव्या वर्षी, नेली पॉवर या गायिकेसाठी लिहिलेलं गाणं परवानगीशिवाय गायली आणि तिला ते थांबवावं लागलं. खुद्द नेली पॉवर दोनच वर्षांनी वारली आणि तिच्या अंत्यविधीचे पैसे वसूल करायला अंत्यविधी करणाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. एवढी नावाजलेली गायिका!

खरं कंबरडं मोडलं ते थिएटरांच्या साखळ्यांनी, असं माझं मत. मॉस आणि स्टोल यांच्यासारख्या मालकांनी रात्री दोन खेळ सुरू केले. खेळ दुप्पट, पण पगार दुप्पट नाही. शिवाय करारात बंदीचं कलम: आमच्याकडे काम करण्याआधी आणि नंतर इतके महिने, इतक्या मैलांच्या आत दुसरीकडे उभं राहायचं नाही. म्हणजे रात्री तीन-चार हॉल करण्याची वाटच बंद. त्यात दुपारचे जादा खेळ फुकट करून घेणं सुरू झालं, तेव्हा जानेवारी १९०७ मध्ये संप झाला. मागणी साधी होती: आठवड्याला १२ खेळ असतील तर जादा खेळाला पगाराचा बारावा हिस्सा. मारी लॉइडला या संपातून स्वतःला मिळण्यासारखं काही नव्हतं, तरी ती धरणं धरायला उभी राहिली. वादक आणि रंगमंच कामगारही सामील झाले. शेवटी जॉर्ज अ‍ॅस्क्विथ यांच्या लवादाने बरंचसं मान्य केलं.

शरीराचा भाग लोक विसरतात. विनोदी नट डॅन लेनो चौथ्या वर्षाच्या आसपास रंगमंचावर आला, १८८० साली लाकडी बुटांच्या नाचाचा विजेता झाला, १८८८ पासून दरवर्षी लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरच्या नाताळच्या खेळात उभा राहिला. १९०३ साली त्याचं मानसिक आरोग्य ढासळलं, १९०४ साली ४३व्या वर्षी गेला. मारी लॉइड ऑक्टोबर १९२२ मध्ये उत्तर लंडनमधल्या एडमंटनच्या रंगमंचावर अडखळली तेव्हा लोक हसले. गाणं दारू प्यायलेल्या बाईचं होतं, त्यांना तो अभिनयच वाटला. तीन दिवसांनी ती गेली. म्हाताऱ्या कलाकारांसाठी ब्रिन्सवर्थ हाउस हे निवासगृह झालं ते १९११ मध्ये, म्हणजे लेबोर्न आणि पॉवरच्या पिढीला त्याचा काही उपयोग नव्हता.

तुम्हाला एखाद्या विशिष्ट कलाकाराची कमाई ताडायची असेल तर चरित्रातल्या आकड्यांवर विसंबू नका, जाहिरातपत्रकं बघा. नावाच्या अक्षराचा आकार हा दराचा सर्वांत भरवशाचा पुरावा. सर्वांत खाली, बारमधल्या दारूच्या दरांजवळ नाव असेल तर तो तळातला. एकाच आठवड्यात लंडनच्या तीन हॉलच्या पत्रकांवर नाव दिसलं तर धंदा जोरात. आणि ‘द इरा’मध्ये ‘अमुक तारखेपासून मोकळा’ अशी जाहिरात वारंवार दिसू लागली, तर ते आठवडे हिशेबात शून्य धरा.