आमच्या गल्लीतून वाहतूक वळवली आहे. तक्रार कुठे आणि कशी करावी?

मुख्य रस्ता एकेरी झाला, सगळी वाहतूक तुमच्या सोसायटीच्या दारातून सुरू झाली आणि ऑनलाइन केलेली तक्रार ‘निकाली’ दाखवून बंद झाली, असं तुम्ही लिहिलंय. मीही पुण्यातच राहतो, आमच्याकडेही हेच झालं होतं.

पहिल्यांदा आदेशाची प्रत मिळवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५ प्रमाणे महिनाभरापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रातली अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून बॅरिकेड लागेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. पण पुण्यात असे बदल बहुधा आधी तात्पुरते म्हणून जाहीर होतात आणि आदेशाच्या शेवटी हरकती-सूचना लेखी मागवलेल्या असतात. पत्ता आणि मुदत तिथेच दिलेली असते. त्या मुदतीत अर्ज द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. अंतिम आदेश निघाल्यावर तेच बोलणं फार जड जातं.

अर्जात ‘नागरिकांना अतोनात त्रास होत आहे’ एवढंच लिहून भागत नाही. आमच्या कोपऱ्यावर एका बाजूला महावितरणचा डीपी, दुसऱ्या बाजूला लावलेल्या दुचाकी. बस वळायला आली की पुढचं चाक फुटपाथला घासायचं, ड्रायव्हर पुन्हा मागे घ्यायचा, मागे रिक्षा, तिच्यामागे शाळेची व्हॅन, आणि मुलं त्या फटीतून रस्ता ओलांडायची. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून सकाळच्या वेळेचे फोटो काढले, आम्ही ते वेळ टाकून जोडले. मागणी नेमकी केली: वळणावर दोन्ही बाजूंना नो-पार्किंग, जड वाहनं मुख्य रस्त्यानेच, शाळेच्या वेळी वॉर्डन. एकेरी वाहतूक राहिली, पण नो-पार्किंग आणि वॉर्डन मिळाले. नुसतं ‘रद्द करा’ म्हटलं असतं तर तेही मिळालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

अर्ज योग्य दारात जाणंही महत्त्वाचं. एकेरी, नो-एंट्री, पार्किंग हे वाहतूक पोलिसांकडे. गतिरोधक, दुभाजक, खड्डे महापालिकेच्या पथ विभागाकडे. हललेला बसथांबा पीएमपीकडे. एकाच अर्जात सगळं कोंबलंत तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

बदल एखाद्या कामासाठी असेल तर काम कधी संपणार आणि आढावा कधी घेणार, हे लेखी विचारा. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली आणि पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. एवढा काळ आजूबाजूच्या रस्त्यांवर ताण राहिला. पूल पाडावाच लागतो, मान्य. पण ज्यांच्या दारातून वाहतूक जाते त्यांना तारीख मागण्याचा हक्क आहे. उत्तर आलं नाही तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात आदेश, वाहनगणनेचा अहवाल आणि आलेल्या हरकतींची नोंद मागा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

आणि अर्ज देण्याआधी पलीकडच्या गल्लीतल्या लोकांना भेटा. तुम्ही सुचवलेला पर्यायी रस्ता त्यांच्या दारातून जात असेल, तर त्यांची हरकत तुमच्या अर्जासोबतच त्या टेबलावर पोचणार आहे.