बाळ लहान असताना, तेही चैत्राच्या तोंडावर, विणकाम आणि घर दोन्ही कसं सांभाळायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की बाळ दोन महिन्यांचं आहे, होळी होऊन गेली, पाडवा तोंडावर आलाय, घरात येणारेजाणारे चालूच, थंडीत सुरू केलेलं ब्लँकेट अर्धवट पडलंय आणि घरचे म्हणतात की आता पुरे झाले ते दोरे, तर बॅलन्स कसा करायचा. खरं सांगू का, पहिले काही महिने बॅलन्स वगैरे काही होत नसतो. तान्हं बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पितं, मधे ढेकर, लंगोट, परत झोपवणं, यात तुम्ही टाइमटेबल करून भिंतीला लावलं तरी ते बाळाला वाचता येत नाही. त्यामुळे वेळ कसा काढू हा विचारच सोडा, विणायला काय घेताय ते बदला. कुठल्याही क्षणी हातातून टाकता येईल आणि चार दिवसांनी उचललं तरी डोकं न लावता पुढे चालू होईल असंच काम घ्यायचं, बाकीचं गुंडाळून कपाटात.

मी निफाडकडची, द्राक्षवाल्यांच्या घरात दिलेली. आमच्याकडे थंडी म्हणजे खरोखरची थंडी असते, डिसेंबर-जानेवारीत पारा इतका उतरतो की बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, म्हणून लोकरीचं कौतुक घरात सगळ्यांनाच आहे. पण तीच मंडळी मार्च आला की सुया बघून कपाळाला आठ्या घालतात, कारण एक तर द्राक्षांची काढणी जोरात असते, मजूर, चहा, पॅकिंग, रात्री-बेरात्री गाड्या, आणि त्यातच कुरडया-पापडांचे दिवस. यात बाळंतीण सुया घेऊन बसली की 'रिकामी बसलीय' असंच दिसतं लोकांना. मोबाइल घेऊन बसलं तर कुणी काही बोलत नाही हं, ही एक गंमतच आहे.

यावर मला जे जमलं ते सांगते. घरकामातून सुटका मागितली नाही, कामं बदलून मागितली. म्हणजे गव्हाचा चीक घोटणं, सोऱ्या दाबणं हे जाऊबाईंनी घ्यावं, मी वाळवण राखते. वाळवण राखणं म्हणजे पडवीत सावलीला बसायचं, शेजारी बाळ झोळीत, अंगणातल्या खाटेवरच्या कुरडयांवर कावळा बसला की हाड् म्हणायचं, बाकी हात मोकळे. तसंच लसूण सोलणाऱ्यांना सोबत, कुकरच्या शिट्ट्या मोजणं, मोठ्या पोरांचा अभ्यास घेणं, ही सगळी बसून करायची कामं मागून घ्या. सासूबाईंना काम झाल्याशी मतलब असतो, तुमचे हात कशात आहेत याच्याशी फारसा नसतो. एकटं कुटुंब असेल तर हे जमणार नाही, मान्य, तिथे सरळ नवऱ्याशी बोलून संध्याकाळचा एक तुकडा ठरवून घ्या की या वेळात बाळ तुझं, आणि त्या वेळात तुम्ही त्याच खोलीत थांबू नका, नाहीतर दर दोन मिनिटांनी 'अगं हे रडतंय' सुरू होतं.

आता विणायचं काय. बहुतेक जणी इथेच फसतात, कारण बाळ लहान म्हणून लहान स्वेटर विणायला घेतात, आणि तो होईपर्यंत एप्रिलचं ऊन आणि बाळ दोन्ही मोठं झालेलं असतं. हिशोब करा, तुमचं बाळ जानेवारी-फेब्रुवारीचं, म्हणजे पुढच्या थंडीत ते दहा-अकरा महिन्यांचं असेल, छाती साधारण ४५-४६ सेंटीमीटर, डोकंही जवळजवळ तेवढंच. म्हणजे स्वेटर विणायचाच तर घेर ५२ तरी धरा, आतून एक बंडी बसली पाहिजे, आणि बाह्या थोड्या लांब ठेवून दुमडायच्या. जन्मताना डोकं ३४-३५ सेंटीमीटरचं असतं ते वर्षात एवढं वाढतं, त्यामुळे आत्ताचं माप घेऊन काही उपयोग नाही. स्वेटरला मुदत दिवाळीची आहे, पाडव्याची नाही, हे एकदा मनाने घेतलं की निम्मं टेन्शन जातं.

डिझाइन साधं ठेवा, सगळ्या ओळी सुलट, बास. जाळी, गोफ, दोन रंग हे सगळं वर्षभर विसरा. बेबी सरप्राइज जॅकेट म्हणून एलिझाबेथ झिमरमनबाईंचा १९६८चा एक प्रसिद्ध नमुना आहे, तो सगळा सुलट, एकच तुकडा विणायचा आणि शेवटी घडी घालून खांद्यावर शिवायचा, नेटवर सगळे नवीन आयांना तोच सुचवतात, पण त्यात टाके कमी-जास्त करण्याचा हिशोब ठेवावा लागतो आणि झोप नसताना तो राहत नाही, म्हणून माझं मत, तो बाळ बसायला लागल्यावर घ्या.

अर्ध्या ओळीत बाळ उठलं तर काय, हा खरा प्रश्न. सर्क्युलर सुया घ्या, सरळ विणायचं असलं तरी. टाके मधल्या वायरवर ढकलले की पिशवीत टाका नाहीतर खाटेखाली, सुटत नाहीत, आणि कामाचं वजनही मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. सरळ सुयाच असतील तर टोकांना रबरबँडचे चार वेढे मारा, मेथीच्या जुडीचा निघतो तोसुद्धा चालतो. आणि परत उचलताना दोरा बघायचा, लोकरीच्या गुंड्याकडून येणारा दोरा ज्या सुईच्या शेवटच्या टाक्यातून निघतो ती सुई उजव्या हातात. उलटी धरली तर ओळीच्या मधूनच मागे फिराल आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होतील, मग दुसऱ्या दिवशी बघून वाटतं हे वाकडं कसं झालं. ओळी मोजायला कागद-पेन नको, दर दहाव्या ओळीला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवा.

क्रोशा येत असेल तर या दिवसात तो जास्त सोयीचा, कारण सुटायला एकच फास असतो, तो जरा लांब ओढून सुई काढून घेतली की झालं. खांब, मुका खांब, साखळी एवढ्यावर छोटे चौकोन करत राहा. तुमच्या अर्धवट ब्लँकेटचंही मी हेच सुचवेन, एप्रिलमध्ये मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन बसवत नाही, तर आहे तिथे टाके बंद करा, तो तुकडा मधे धरा आणि पावसाळ्यात त्याला चारी बाजूंनी चौकोन जोडा. दिसायलाही छान दिसतं.

आत्ता लगेच वापरायचं काही करायचं असेल तर सुती दोरा. आमच्याकडे टाळूवरून वाद झाला होता, सासूबाईंचं म्हणणं टाळू उघडी ठेवायची नाही, डॉक्टरांचं म्हणणं उन्हाळ्यात घरात टोपडं नको, पोराला घामोळं आलेलं. मी सुती दोऱ्याचं भोकाभोकाचं क्रोशाचं टोपडं केलं, बाहेर न्यायचं तेव्हा घालायचं, घरात काढायचं, दोघांचंही समाधान. सुती दोरा लोकरीसारखा ताणून परत आवळत नाही, वापरून वापरून सैल पडतो, म्हणून डोक्याच्या मापापेक्षा दोनेक सेंटीमीटर कमीच ठेवा, आणि बांधायला लांब नाड्या लावू नका. झोपताना मात्र टोपडं नको, आणि पाळण्यात सैल ब्लँकेटही नको, तोंडावर येतं आणि अंगही तापतं. हे विणणाऱ्या बाईला जड जातं ऐकायला, पण बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात. आपलं ब्लँकेट झोपेसाठी नसतंच, मांडीवर, गाडीत, पोटावर पालथं घालायला असतं.

मोज्यांचं एक बघा. आतून लटकणारे दोरे नीट ओवून टाका आणि दरवेळी घालायच्या आधी मोजा उलटा करून हात फिरवा. सुटा दोरा किंवा आपला गळलेला केस (बाळंतपणानंतर केस भरपूर गळतात) बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला तर बोटाचं रक्त अडतं, आणि मोज्याच्या आत असल्याने आपल्याला दिसतही नाही, बाळ फक्त रडत राहतं. बटणंही टाळा, पुढे बाळ सगळं तोंडात घालतं.

आणि शेक-शेगडी चालू असेल तर बाजारातली स्वस्त लोकर म्हणजे बहुतेक ॲक्रिलिक असते हे लक्षात ठेवा, ते निखाऱ्याने वितळून कातडीला चिकटतं. धुरी देताना बाळाच्या आणि तुमच्याही अंगावर सुतीच काहीतरी असू द्या. खरं तर मार्चच्या उकाड्यात शेगडी हवीच कशाला असं मला वाटतं, धूर तान्ह्या बाळाच्या छातीला चांगला नाहीच, पण प्रत्येक घरात हे बोलता येत नाही ते मी जाणते.

हाताकडे लक्ष द्या. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल, पातेलं उचलताना, बाळाला काखेत हात घालून उचलताना, तर ते विणकामाने झालंय असंच सगळे म्हणतील. बाळाला सारखं उचलूनसुद्धा नवीन आयांना ते होतं, डी क्वेरवेन म्हणतात त्याला. विणकामाने ते वाढतं मात्र नक्की. अंगठा ताणून उचलण्याऐवजी तळवे खाली सरकवून, बाळाला ओंजळीत घेतल्यासारखं उचला, सुया काही दिवस ठेवा, आणि तरी राहिलं तर ऑर्थोवाल्यांना दाखवा, पट्ट्याने बऱ्याच जणींना आराम पडतो. दुपारी घामट हातांनी विणूही नका, दोरा सरकत नाही आणि आपण उगाच घट्ट ओढतो, सकाळचा गारवा असतो तेव्हाच काय ते करा. रात्र जागरणात गेली असेल तर बाळ झोपल्यावर झोपा, तेव्हा सुया उचलायच्या नाहीत, इथे मी अजिबात ऐकून घेणार नाही.

एक नाजूक गोष्ट पण विचारते. वेळ मिळत नाही म्हणून विणत नाही, का वेळ असूनही हात लावावासा वाटत नाही? पहिलं असेल तर काही नाही. दुसरं असेल, आणि दोन आठवड्यांहून जास्त झाले, सारखं रडू येतंय, बाळाकडेही बघावंसं वाटत नाही, तर ते आळस नाही आणि नजरही नाही, डॉक्टरांना सांगा. टेली मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता या दिवसात लोकरीचे कपडे आवरून ठेवायचं काम निघतं, तिथली एक गोष्ट राहिली. बाळाचे कपडे, दुपटी, तुमची विणायची लोकर, यात डांबराच्या गोळ्या टाकू नका. काही बाळांना जन्मतः जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, अशा बाळांच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांमधल्या नॅफ्थॅलीनच्या वासानेही फुटू शकतात, कावीळ वाढते, आणि आपल्या बाळाला ती कमतरता आहे का हे बऱ्याचदा घरात कुणालाच माहीत नसतं. कपडे धुवून कडक उन्हात वाळवा, आत्ता उन्हाला काय तोटा, पूर्ण गार झाले की झिपच्या पिशवीत घट्ट बंद करा, वाटलं तर वाळलेला कडुनिंब टाका, पाडव्याला आणलेला असतोच. खऱ्या लोकरीला एवढं पुरतं, आणि ॲक्रिलिकला तर कसर लागतच नाही.