टेम्पलेट पुढे गेले, प्रकल्प मागे राहिले

प्रश्न : होमस्टे आणि लहान हॉटेलांची संकेतस्थळे आम्ही फोंड्यातून तयार करतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील एका स्टार्टर टेम्पलेटवरून (तयार सांगाड्यावरून) ‘यूज धिस टेम्पलेट’ हे बटण दाबून आतापर्यंत सात प्रकल्प सुरू केले. दोन वर्षांत मूळ टेम्पलेट बरेच सुधारले. परंतु त्या सुधारणा आमच्या प्रकल्पात मर्ज करायला (मिसळायला) गेलो की गिट, म्हणजे कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणारे साधन, नकार देते. सातही ठिकाणी हातानेच बदल करावे लागतील का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : हाताने करण्याची गरज नाही. त्या बटणाने फाइलींची प्रत मिळते, इतिहास मिळत नाही. त्यामुळे दोन्ही रेपॉझिटरींमध्ये (कोडच्या साठ्यांमध्ये) सामाईक कमिट, म्हणजे इतिहासातील बदलाची नोंद, नसते आणि २०१६ मधील २.९ या आवृत्तीपासून गिट असे मर्ज आपणहून करत नाही. ‘अलाऊ अनरिलेटेड हिस्टरीज’ हा पर्याय देऊन पुढे रेटले, तर दोन्हीकडे वेगळी असलेली प्रत्येक फाइल कॉन्फ्लिक्ट (हाताने सोडवायचा विरोध) म्हणून समोर येते, आणि बहुतेक जण तिथेच नाद सोडतात.

आधी प्रकल्प टेम्पलेटच्या कोणत्या कमिटवरून निघाला ते शोधावे. तुमच्या पहिल्या कमिटमध्ये फाइली जशाच्या तशा असतील, तर तिचा ट्री हॅश (सर्व फाइलींवरून निघणारी खूण) टेम्पलेटच्या त्या वेळच्या कमिटच्या ट्री हॅशशी तंतोतंत जुळतो. तारखेवरून अंदाज बांधण्यापेक्षा हा पुरावा पक्का. मग टेम्पलेट रिमोट (दुसरीकडची रेपॉझिटरी) म्हणून जोडून नेमकी तीच कमिट, वरील पर्यायासह, ‘अवर्स’ पद्धतीने मर्ज करावी. यात तुमची एकही ओळ बदलत नाही, फक्त नाते नोंदले जाते. त्यानंतर टेम्पलेटची ताजी शाखा नेहमीसारखी मर्ज केली, की गिट त्या जन्मकमिटपासून दोन्हीकडे काय बदलले ते पाहते आणि एकाच जागी दोघांनी हात लावला असेल तेवढेच विचारते.

डिपेंडाबॉट हा गिटहबचा स्वयंचलित मदतनीस लावला म्हणजे हे काम झाले, असा समज मी अनेकदा ऐकला आहे. तो पॅकेजांच्या (प्रकल्पात वापरलेल्या बाहेरच्या तयार कोडच्या) आवृत्त्या वाढवतो. टेम्पलेटमधून आलेल्या बिल्डच्या (संकेतस्थळ बांधण्याच्या) किंवा लिंटरच्या (कोडमधील चुका तपासण्याच्या) फाइलींतील सुधारणा तो आणून देत नाही.

नव्या प्रकल्पांसाठी, टेम्पलेट तुमच्या ताब्यात असेल तर, कॉपियर हे टेम्पलेटवरून प्रकल्प तयार करणारे साधन वापरावे. प्रकल्प तयार करताना तुम्ही दिलेली उत्तरे आणि टेम्पलेटची आवृत्ती ते प्रकल्पातच एका फाइलीत ठेवते आणि अपडेटच्या वेळी त्यांच्याच आधारे फरक काढते; मात्र टेम्पलेटला आवृत्तीचे टॅग नियमाने द्यावे लागतात. त्याच कामाचे दुसरे साधन कुकीकटर एकटे ही आवृत्ती लक्षात ठेवत नाही, त्याच्या जोडीला क्रफ्ट हे साधन लागते.

सातही प्रकल्प एकदम हाती घेऊ नका. ज्या होमस्टेचे बुकिंग सर्वांत कमी, त्याच्यापासून आरंभ करावा, आणि तोही पाहुण्यांची वर्दळ नसलेल्या पावसाळ्यात. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाल्यावर चालत्या संकेतस्थळाच्या बिल्ड फाइलींना मी तरी हात लावणार नाही.