इ अँड सी (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) झालंय, घर खानापूरकडे, तीनशेच्या वर ऑनलाइन अर्ज केले तरी जॉबसाठी फोन नाही, काय चुकतंय?

प्रश्नात लिहिलंय त्याप्रमाणे डिग्री होऊन दीड वर्ष झालं, रोज दोन तास साइटवर बसतोस, आणि फोन येतात ते एकतर कॉल सेंटरचे नाहीतर कोर्सवाल्यांचे. मी बेळगावातल्या अनगोळचा, २०१६ ला इ अँड सी पास, चौदा महिने घरात बसलोय म्हणजे तुझ्या जागेवर मी होतोच, आता बेंगलोरात एम्बेडेडमध्ये (मशीनच्या आतल्या कंट्रोलरचे प्रोग्राम लिहायचं काम) आहे. वयाने लहान असशील म्हणून सरळ तू म्हणतोय, राग नको.

तू सर्चमध्ये काय टाकतोस ते प्रश्नात लिहिलं नाहीस पण मी पैज लावतो की 'इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर' आणि पुढे 'फ्रेशर'. मी पण तेच टाकत होतो. त्यात काय येतं माहितीये, टीव्ही-वॉशिंग मशीनच्या शोरूममध्ये सेल्स प्रमोटर, एसी सर्व्हिसिंग, बँकेचं लोन विकायचं काम, आणि उरलेलं सगळं सॉफ्टवेअर. कारण साइटला इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे दुकान वाटतंय. कंपनीवाला जाहिरात टाकताना तुझ्या डिग्रीचं नाव शीर्षकात टाकतच नाही, तो कामाचं नाव टाकतो. फर्मवेअर इंजिनिअर, एम्बेडेड सी डेव्हलपर, हार्डवेअर डिझाइन, पीसीबी लेआउट, टेस्ट इंजिनिअर, व्हॅलिडेशन, एसएमटी प्रोसेस, पीएलसी (कारखान्यातलं मशीन चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रामर, कंट्रोल पॅनल डिझाइन, इन्स्ट्रुमेंटेशन, फील्ड सर्व्हिस, आणि चिपच्या बाजूला जायचं असेल तर आरटीएल, डिझाइन व्हेरिफिकेशन, फिजिकल डिझाइन, डीएफटी. डिग्री एकच आहे पण ही सगळी वेगवेगळी गावं आहेत रे, एका गावच्या माणसाला दुसऱ्या गावचं काही माहीत नसतंय, आणि तू सगळीकडे एकच रेझ्युमे टाकत असशील तर कुठंच बसत नाही.

मला कुणी सांगितलं नव्हतं, अपघाताने कळलं. एक आठवडा नेट पॅक मारायला पैसे नव्हते म्हणून वाचनालयाच्या वायफायवर जाहिराती सेव्ह करून घरी आणून वाचत बसलो, अर्ज करता येत नव्हता ना. तीसेक जाहिराती वाचल्या आणि दोनशे पानी वहीत कुठला शब्द किती वेळा आला त्याच्या रेघा मारत गेलो, आपण क्रिकेटचा स्कोअर लिहितो तशा. आई बघून म्हणाली काय करूलास रे, हिशेब लिहूलास काय. एम्बेडेडच्या जाहिरातींत तेच तेच येत होतं, सी, पॉइंटर, यूआर्ट, आयटूसी, एसपीआय, कॅन, इंटरप्ट, टायमर, आरटीओएस, ऑसिलोस्कोप वापरता येणे, गिट. गाडीच्या कंपन्या कॅन मागतात कारण गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी जास्त करून त्यावरच बोलतात. आपण कॉलेजात काय केलं होतं, ८०५१ या जुन्या कंट्रोलरवर एलईडी लुकलुकवली आणि व्हायवाला पाठ केलेलं बोललो. त्या वहीसमोर मी खरं खरं टिक केलं तर अकरातले चार आले. म्हणजे माझ्या अर्जांतही चूक साइटची नव्हती, निदान सगळी तरी नव्हती.

तर पहिले आठ दिवस एकपण अर्ज करू नकोस. जाहिराती वाच, रेघा मार, आणि एक गाव निवड. दोन निवडलीस तर दोन रेझ्युमे कर.

आता आपल्या भागाची एक वेगळीच भानगड आहे, पुण्याच्या पोराला ही कळायची नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहरांची नावं बदलली, बेलगामचं बेळगावी झालं, बेंगलोरचं बेंगळुरू, हुबळीचं हुब्बळ्ळी, आणि इंग्रजी स्पेलिंग पण बदललं. काही एचआर जुनं स्पेलिंग टाकतात काही नवं, काही साइट दोन्ही एकच धरतात काही धरत नाहीत. अलर्ट लावताना दोन्ही स्पेलिंगचे वेगळे लाव. आणि राज्याचा फिल्टर काढून टाक, तो आपला शत्रू आहे. कर्नाटक निवडलंस की कागलची पंचतारांकित एमआयडीसी गायब, गोकुळ शिरगाव गायब, शिरोली गायब, निपाणीतून कागल वीसेक किलोमीटरवर आहे, पोरं रोज येऊन जाऊन करतात, पण साइटच्या हिशेबाने ते परराज्य. तसंच गोवा. आपल्याकडची पोरं गोवा म्हटलं की दोन दिवस फिरायला एवढंच डोक्यात, पण वेर्णा आणि कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची असेंब्ली, पॅनल, टेस्टिंग असली कामं निघतात आणि तिथं मराठी येणाऱ्या माणसाचं भागतं. खानापूरहून तर तुला गोवा बेंगलोरपेक्षा कितीतरी जवळ.

आणि खुद्द बेळगावात काहीच नाही असं तुझ्या प्रश्नात वाटतंय, ते अर्धं बरोबर आहे. आपलं गाव फौंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिकचं, वर हत्तरगीला विमानांचे पार्ट बनवणारं एसईझेड आलंय. शुद्ध इलेक्ट्रॉनिक्स थोडंच, पण सीएनसी आहे तिथं ड्राइव्ह आहे, सेन्सर आहे, पीएलसी आहे, आणि बंद पडलं की कुणीतरी लागतंच. फक्त ती जागा ऑनलाइन 'मेंटेनन्स इंजिनिअर' म्हणून मेकॅनिकलच्या ढिगात पडलेली असते, आणि बऱ्याचदा ऑनलाइन येतच नाही, गेटवर कागद चिकटवतात. मी तिसऱ्या रेल्वे गेटपासून उद्यमबागात चालत दोन दिवस फिरलोय, वॉचमनला विचारायचं, कन्नड मोडकं तोडकं का होईना बोलायचं, रेझ्युमे आत पाठवा म्हणायचं. चोवीस ठिकाणी दिला, तीन ठिकाणी आत बोलावलं, एका ठिकाणी काम मिळालं. पगार सांगण्यासारखा नव्हता, पेट्रोल आणि जेवण भागायचं. पण माझा रेझ्युमे तिथं तयार झाला.

ते जरा सविस्तर सांगतो कारण खरी गंमत तिथंच आहे. त्या शॉपमध्ये एक हायड्रॉलिक प्रेस होता, दिवसात किती नग निघाले ते ऑपरेटर खडूने लिहायचा आणि मालकाला पटायचं नाही. मी म्हटलं काउंटर करतो. चोवीस व्होल्टचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (जवळ काही आलं की सिग्नल देणारा) लावला, खाली आर्डुइनोचा कंट्रोलर बोर्ड, आकडा दाखवायला डिस्प्ले. घरच्या टेबलावर झकास चाललं, प्रेसवर लावलं की मधेच आकडा शून्य. दोन आठवडे डोकं फोडून घेतलं, प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो, चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच. मोटरचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) सुटला की कॉइलचा झटका सप्लायमधून येऊन कंट्रोलर रिसेट होत होता. मग कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषून घेणारं रेझिस्टर-कपॅसिटर) लावला, सेन्सरच्या इनपुटला ऑप्टोकपलर (सिग्नल उजेडाने पलीकडे देणारा, वायरचा जोड नसणारा पार्ट) घातला, कंट्रोलरचा सप्लाय वेगळा केला आणि आकडा प्रत्येक वेळी मेमरीत सेव्ह करायला लावला. बंद झालं ते रिसेट होणं. नंतर तेच मी एसटीएम३२ या दुसऱ्या कंट्रोलरवर परत लिहिलं, लायब्ररी न वापरता, शिकायचं म्हणून.

बेंगलोरच्या इंटरव्ह्यूत माझ्या फायनल इयर प्रोजेक्टवर (लाइन फॉलोअर रोबोट, तुझा पण तोच असेल, सगळ्यांचाच असतो) एक मिनिट पण नाही घालवला त्यांनी, या काउंटरवर चाळीस मिनिटं बोललो. स्नबरची व्हॅल्यू कशी काढली, ऑप्टो का घातला, मेमरीत सारखं लिहिलं तर ती किती दिवस टिकेल, आणि या शेवटच्या प्रश्नावर मी गार पडलो कारण ईईपीरॉमला (म्हणजे त्याच मेमरीला) लिहिण्याची मर्यादा असते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, त्या आर्डुइनोच्या चिपला एक लाख वेळाची. माहीत नाही म्हणून सांगितलं, हिशेब तिथंच करून दाखवला. घेतलं त्यांनी. रेझ्युमेत असलं एक काम टाक, काय बिघडलं आणि कसं सापडलं ते दोन ओळींत.

रेझ्युमेचं दिसणं साधं ठेव. दोन कॉलमचे रंगीत, फोटोवाले, स्किलपुढे पाच चांदण्या असले नमुने नको, मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर वाचतंय आणि त्याला कॉलमचा घोळ होतो. एक पान, साधा टेक्स्ट, पीडीएफ, आणि तुझ्या वहीतले शब्द जसेच्या तसे, पण टिक केलेलेच.

नोकरी डॉट कॉमवर जाहिराती तारखेने लाव, 'रेलेव्हन्स'ने नको, आणि एक-दोन दिवसांतल्याच बघ, महिन्याभराच्या जुन्या जाहिरातीवर हजारभर लोक आधीच पडलेले असतात. प्रोफाइल दोन-चार दिवसांनी थोडं हलवत राहा, एचआर लोक शोधताना अलीकडे कोण आलं होतं ते पण बघतात. लिंक्डइनवर मला अर्जाचा उपयोग कमी झाला, माणसांचा जास्त. कंपनीच्या पेजवर जाऊन तिथं काम करणाऱ्यांत आपल्या कॉलेजचे कोण ते बघता येतं, फक्त तिथं व्हीटीयू म्हणजे युनिव्हर्सिटीचं नाव टाकू नकोस, अर्धं कर्नाटक निघेल, कॉलेजचं नाव टाक. मग सीनियरला 'सर जॉब असेल तर सांगा' असला मेसेज नको, अशाला मी पण आता उत्तर देत नाही, खोटं कशाला बोलू. 'तुमच्याकडे अमुक जागा निघालीय, मी हे हे केलंय, रेफर कराल का' एवढं लिही, जाहिरातीची लिंक आणि रेझ्युमे जोडून.

आता फसवणूक. मी २५०० रुपये घालवलेत. मोठ्या कंपनीच्या नावाचं ऑफर लेटर मेलवर आलं, शिक्का सही सगळं, इंटरव्ह्यू फोनवर दहा मिनिटांचा, आणि लॅपटॉपचं डिपॉझिट परत मिळेल म्हणून भरायला सांगितलं. मामाला सांगितलं तर म्हणाला, नोकरी देणारा पैसे मागतोय म्हणजे तू नोकर की गिऱ्हाईक? तेव्हा भरून झालं होतं. तुझ्याबाबतीत झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर, जितका लवकर तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. दुसरा प्रकार म्हणजे जॉबच्या नावाखाली कोर्स, तुला येणारे फोन तेच. जाहिरातीत 'ट्रेनिंगनंतर प्लेसमेंट', 'मर्यादित जागा', 'बॅच' असले शब्द दिसले की ती नोकरी नाही. सगळे क्लास वाईट असं म्हणत नाही, चिपचं डिझाइन व्हेरिफिकेशन घरी बसून शिकणं अवघडच आहे, पण जायचं तर क्लास म्हणून डोळे उघडे ठेवून जा. आणि ओरिजिनल मार्क्सकार्ड कुणाकडे ठेवून येऊ नकोस, बाँडच्या नावाखाली ठेवून घेणारे भेटतात.

सरकारी कंपन्यांचं मात्र उलटं आहे, तिथं अर्जाला खरीच फी असते. बीईएलच्या (भारत इलेक्ट्रॉनिक्स) ट्रेनी इंजिनिअर आणि प्रोजेक्ट इंजिनिअरच्या जाहिरातींत मी १७७ आणि ४७२ रुपये बघितलेत, पण ती त्यांच्या स्वतःच्या साइटवरून गेलेल्या लिंकवरच भरायची, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवर नाही. या जागा ठराविक वर्षांच्या करारावर असतात, कायमच्या नाहीत, तरी अनुभव मोलाचा. इस्रोला बीईत ६५ टक्के लागतात, ते नसतील तर त्यात वेळ घालवू नकोस. नॅट्सच्या (केंद्र सरकारची अप्रेंटिसशिप योजना) पोर्टलवर रजिस्टर करून ठेव, एक वर्षाची अप्रेंटिसशिप, स्टायपेंड मिळतो, पण डिग्री जुनी झाली की घेत नाहीत, म्हणून हे आधी कर.

आणि सीमाभागातल्या पोरांना हे सांगणारं कुणी भेटत नाही म्हणून लिहितो, महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसाला महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो, गावात १५ वर्षं राहिल्याचा दाखला लागतो. तुझं गाव त्या यादीत आहे का ते घरच्यांना विचार, म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतंय. पण म्हणून कन्नड सोडू नकोस. बेंगलोरला ऑफिसात इंग्रजीवर चालेल, पण तिथल्याच पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या शॉप फ्लोअरवर टेक्निशियन कन्नड बोलणाऱ्याला बोर्ड आधी दाखवतो, हा माझा अनुभव.

फोनचं एक राहिलं. ०८० ने सुरू होणारा लँडलाइन नंबर आला की उचल, तो बेंगलोरचा असतो. मी एक असा फोन क्रेडिट कार्डवाला समजून दोनदा कट केला होता, तिसऱ्यांदा आईने उचलला आणि आतून ओरडली, अरे कोणतरी कन्नडमध्ये तुझं नाव विचारूलंय.